कल्हई गेलेलं पातेलं

मनू, काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. 'ताई, लॅपटॉप गेला. नवीन घेतेय. महिन्याला साडेचार हजार, जमेल.' खाली तीन लॅपटॉपचे फोटो, तिन्हींच्या खोक्यावर 'एआय' असं ठसठशीत लिहिलेलं. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण 'गेला' म्हणजे नक्की काय झालं ते कळेना. पाणी सांडलं? हातातून पडला? सकाळी फोन करून विचारलं तर म्हणतेस, "नाही गं, चालतोय. पण विंडोज अकरा घेत नाही म्हणतो. आणि दहाचं संपलं ना आता."

म्हणजे गेलेला नाही. चालतोय. फक्त पडद्यावर एक पाटी आली आणि तू त्याचं बारावं-तेरावं करायला निघालीस!

आता चहा घे आणि जरा निवांत बस. साडेचार हजारांचा हप्ता अठरा महिने भरायचा तर माझी बडबड अर्धा तास ऐकायला हरकत नाही.

तू कल्हईवाला पाहिला नाहीस. तू झालीस तेव्हा मी आठवीत होते आणि तोवर आपल्या घरात स्टीलचं राज्य आलं होतं. पण मी लहान असताना कराडच्या आपल्या गल्लीत वर्षातून दोनदा तरी 'कल्हईऽऽय' अशी आरोळी यायची. मग घराघरांतून पितळेची पातेली, तपेली बाहेर पडायची. तो जमिनीत खड्डा करायचा, कोळसे पेटवायचा, भाता हलवायचा. पातेलं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर भस्सकन उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं सरसर फिरवायचा. काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं. आम्ही पोरं तोंड उघडं टाकून बघत बसायचो.

आजी सांगायची, कल्हई गेली म्हणून पातेलं टाकायचं नसतं. पण त्यात ताक ठेवायचं नाही, आमटी ठेवायची नाही. आंबट पदार्थ कळकतो, पोटाला बाधतो. तांदूळ भरून ठेवा, चालेल. कल्हई झाली की मग पुन्हा चुलीवर.

तुझ्या लॅपटॉपचं नेमकं तेच झालंय. पातेलं शाबूत आहे. कल्हई गेली.

सॉफ्टवेअर कुणाचंही असो, त्यात भोकं असतात. लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली, वर्षानुवर्षं कुणाला न दिसलेली. कुणाला तरी ती सापडतात. भल्या माणसाला सापडली तर तो कंपनीला कळवतो, चोराला सापडली तर तो आत शिरतो. दर महिन्याला येणारा जो अपडेट तू 'नंतर आठवण करा' म्हणून ढकलतेस, त्यात बहुतेक वेळा हीच भोकं बुजवलेली असतात. विंडोज १०ची ही फुकटची कल्हई मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवली. तारीख अचानक ठरलेली नाही. २०१५च्या जुलैमध्ये विंडोज १० आलं तेव्हाच ती ठरली होती. एक्सपीची तारीख होती ८ एप्रिल २०१४, सेव्हनची १४ जानेवारी २०२०. मला या तारखा पाठ आहेत, कारण प्रत्येक वेळी माझ्या घरातलं एक यंत्र त्यात सापडलं.

पहिलं तर तुला आठवणारही नाही. २००७ साली इंजिनिअरिंगला पुण्यात आले, तेव्हा बाबांनी पैसे दिले आणि मी तपकीर गल्लीत तीन चकरा मारून सुटे भाग गोळा केले. मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून, कॅबिनेट तिसऱ्यातून. एक जीबी रॅम म्हणजे तेव्हा ऐट वाटायची. सतरा इंची डबा मॉनिटर रिक्षात मांडीवर घेऊन बसले होते. एक्सपी संपलं त्या दिवसापर्यंत तो संगणक चालला आणि नंतरही वर्षभर मी तो तसाच वापरला. 'काही होत नाही' म्हणत. नशीब म्हण, झालं नाही.

दुसऱ्यांचं झालं. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूनं जगभरचे संगणक कुलूपबंद केले. त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी लावलं नाही ते सापडले. आणि लगेच जूनमध्ये, त्याच भोकाचाही वापर करणाऱ्या नॉटपेट्या या विषाणूनं आपल्या न्हावा-शेवाच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. कंटेनरचा हिशेब संगणकावर, संगणक बंद, म्हणून ट्रक उभे. आपल्याच बंदराचं काम अडलं. तेव्हापासून मी 'काही होत नाही' म्हणणं सोडलं.

तर मग तुझा लॅपटॉप विंडोज ११ का घेत नाही? त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. तुझा लॅपटॉप, म्हणजे मुळात माझाच, २०१७चा, सातव्या पिढीचा. एका पिढीनं हुकला बिचारा. यूट्यूबवर जुगाड दाखवणारे पायलीला पन्नास मिळतील, की असं करा न् तसं करा, अकरा चढवा. होतं तसं. पण ज्या यंत्राला कंपनी 'आमच्या यादीत नाही' म्हणते, त्यावर पुढचे अपडेट येतील याची हमी कुणी देत नाही. तू त्या वाटेला जाऊ नकोस.

तुझ्यासमोर सरळ रस्ते तीन आहेत.

पहिला, वर्षभराची सवड. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी मुदतवाढ दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. त्यांच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवलास तर त्याचे पैसेही पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसेल. आज रात्रीच कर. बाकी काय करायचं ते ठरेपर्यंत निदान बँकेचं काम सुरक्षित राहील.

दुसरा रस्ता माझा लाडका, तो मी शेवटी सांगते.

तिसरा म्हणजे नवीन घेणं. घे, मी नाही म्हणत नाही. पण आत्ता नको. बाजार बघ की जरा. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, कारण मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांना एआयच्या डेटा सेंटरकडून जास्त पैसा मिळतोय. मायक्रॉननं तर डिसेंबरमध्ये जाहीर केलं की क्रूशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करणार. माझ्या निम्म्या संगणकांत क्रूशियलची रॅम होती, वाचून चुटपुट लागली. गंमत बघ, तुझ्या मांडीवरचा लॅपटॉप महागतोय तो एआयमुळे, आणि तुला तो विकला जातोय तोही एआयच्या नावानं.

तो 'एआय'चा शिक्का म्हणजे काय, हे दुकानदाराला विचारलंस का? बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की प्रोसेसरमध्ये एआयच्या कामांसाठी एनपीयू नावाचा वेगळा भाग आहे. मायक्रोसॉफ्टचं कोपायलट प्लस हे नाव लावायचं तर तो भाग सेकंदाला चाळीस लाख कोटी क्रिया करू शकला पाहिजे. ऐकायला भारी वाटतं. पण तू ज्या चॅटबॉटला ऑफिसच्या ईमेल लिहायला लावतेस, तो तुझ्या लॅपटॉपवर चालतच नाही. तो दूर कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये चालतो. तुझ्या जुन्या लॅपटॉपवरूनही तो तितकंच शहाणपण पाजळेल.

मी हे सगळं साध्वीच्या तोऱ्यात सांगतेय असं समजू नकोस. माझ्या टेबलाच्या तिसऱ्या खणात काय आहे ते फक्त तुला सांगते. दोन स्मार्टवॉच, त्यातलं एक चार महिने घातलं. एक घडीचा कीबोर्ड, प्रवासात लिहीन म्हणून घेतलेला, प्रवासात कधीच न उघडलेला. तीन पॉवर बँक, एक फुगलेली. ती मी परवाच ई-कचऱ्यात दिली; तुझ्याकडे तशी असेल तर चार्ज करू नकोस, टोचू नकोस, कचऱ्याच्या डब्यात टाकू नकोस. एक पुस्तक वाचायचं यंत्र, त्यावर दीडशे पुस्तकं, वाचलेली अकरा. प्रत्येक वस्तूचं खोकं उघडताना मला वाटलं होतं की आता माझं आयुष्य आवरलेलं होणार. तुझ्या मेसेजमधल्या त्या 'जमेल'मध्ये मला तोच आवाज ऐकू आला, म्हणून एवढं लांबण लावतेय.

मग पुढं-मागं घ्यायचाच झाला तर काय बघायचं? कॅमेरा किती, कोअर किती, हे नंतर. लॅपटॉप घेताना विचार, रॅम बदलता येते की बोर्डावरच डकवलेली आहे. एसएसडी बदलता येते का. बॅटरी मिळते का, की तीन वर्षांनी 'मॅडम, हे मॉडेल बंद झालं' म्हणणार. फोन घेताना विचार, सुरक्षेचे अपडेट किती वर्षं, आणि ती वर्षं तू घेतलेल्या दिवसापासून मोजायची की मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून. यात फरक आहे. सेलमध्ये स्वस्त पडलेला फोन दोन वर्षं आधीच म्हातारा झालेला असतो. गूगलनं २०२३मध्ये पिक्सेल ८पासून सात वर्षांचं वचन दिलं, सॅमसंगनं २०२४च्या एस२४ला तेवढंच. युरोपात तर जून २०२५पासून नियमच झाला, की फोनची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, पण असा कायदेशीर धाक काही आलेला नाही. म्हणून आपणच विचारायचं. दुकानातला पोरगा 'ते काय असतं?' म्हणेल. म्हणू दे. पाच गिऱ्हाइकांनी विचारलं की सहाव्याला उत्तर मिळेल.

थोडक्यात, पातेलं घेताना आमच्या गल्लीत कल्हईवाला किती वर्षं येणार आहे, ते आधी विचारायचं.

आणि हो, कल्हईवाल्यांचं. त्यांच्याबद्दल तुला कधी नीट सांगितलंच नाही. तुला वाटतं ताई 'आयटीत आहे'. मी सपोर्टला आहे गं. दुसऱ्यांनी कधीकाळी लिहिलेलं सॉफ्टवेअर मोडू न देणं, हे माझं काम. नवीन काही बनवणाऱ्यांचे फोटो कंपनीच्या भिंतीवर लागतात. आमचं काम नीट झालं तर कुणाला काही कळतच नाही. आईचं स्वयंपाकघरातलं काम असंच ना? पीठ संपलं तरच दिसतं.

मार्च २०२४ची एक गोष्ट सांगते. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक इंजिनिअर, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये, काम पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर. त्याला दिसलं की दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तू किंवा मी 'नेट स्लो आहे' म्हणून गप्प बसलो असतो. तो खोदत गेला. निघालं असं, की एक्सझेड नावाच्या, फाइली आवळून लहान करणाऱ्या एका साध्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवलाय. हा प्रोग्रॅम विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या जगभरच्या यंत्रांवर असतो आणि तो सांभाळत होता मुख्यतः एकच माणूस, फावल्या वेळात, बिनपगारी. 'जिया टॅन' असं नाव लावणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून, खरंच उपयोगी कामं करून त्या थकलेल्या माणसाचा विश्वास मिळवला आणि मग कथलातच विष मिसळलं. २९ मार्चला फ्रॉइंडनं ते जाहीर केलं. ते सॉफ्टवेअर अजून सगळीकडे पोचलं नव्हतं, म्हणून वाचलो.

ही गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. चोरदरवाज्याची भीती वाटली ती वेगळीच. पण जास्त आठवत राहिला तो फावल्या वेळात प्रोग्रॅम सांभाळणारा माणूस. दोन वर्षांत त्याला 'कसा आहेस, दमलास का' असं कुणी विचारलं असेल तर त्या चोरानंच.

आता तू म्हणशील, ताई, अपडेटनंही वाट लागते की. खरंय. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्या विमानतळांवर लोकांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कल्हईवालाही कधी हात भाजून घेतो. म्हणून माझा नियम साधा आहे. सुरक्षेचा अपडेट आला की त्याच दिवशी. पण 'नवं रूप, नवी आवृत्ती' असं काही मोठं आलं तर पंधरा दिवस थांबायचं, दुसऱ्यांना पडू द्यायचं. आणि दोन्हीच्या आधी बॅकअप.

बॅकअप हा शब्द ऐकलास की तू डोळे फिरवतेस. आज फिरवू नकोस. तुला कधी न सांगितलेलं एक सांगते.

आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, तुला अंधुक आठवत असेल. २०१२च्या दिवाळीत मी तिला ओसरीवर बसवून फोनमध्ये दोन तास रेकॉर्ड केलं. मधूनमधून ती थांबायची, "हे कशाला घेतेस गं, मेल्यावर ऐकायला?" म्हणून हसायची. ते सगळं मेमरी कार्डावर होतं. संगणकावर उतरवायचं, उतरवायचं म्हणत राहिले. मी, जी कॉलेजात सगळ्यांचे संगणक दुरुस्त करून द्यायची! सात महिन्यांनी कार्ड फोनमध्ये उघडेना. 'फॉरमॅट करायचं का?' एवढंच विचारत राहिलं. दोन दुकानांतून फिरवलं. काही हाती लागलं नाही. आजी त्याच पावसाळ्यात गेली. आई अजून समजते की ते रेकॉर्डिंग माझ्याकडे कुठंतरी आहे. मी तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, मीच सांगेन कधीतरी.

म्हणून, तीन प्रती. एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर. म्हणजे क्लाउडवर किंवा कराडला आईच्या कपाटात. आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून बघायची. न उघडलेला बॅकअप म्हणजे बरणी न उघडता 'लोणचं आहे' म्हणण्यासारखं. बुरशी आली का ते झाकण काढल्यावरच कळतं.

बरं, प्रत शाबूत असूनही वाचता न येण्याचं दुखणं वेगळंच. बाबांनी आसपासच्या किल्ल्यांवर लिहिलेलं हस्तलिखित आठवतं? त्यांनी ते २००१ साली गावातल्या डीटीपी सेंटरवर टाइप करून सीडीत घेतलं होतं. मागच्या वर्षी मी ती सीडी उघडली. सीडी धडधाकट, फाइल धडधाकट, पण पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. त्या काळचे मराठी फॉन्ट असेच होते. संगणकाला वाटायचं इंग्रजी अक्षर आहे, फॉन्ट त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. तसं बघितलं तर युनिकोडमध्ये देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. पण ते आपल्या गल्लीतल्या डीटीपीवाल्यापर्यंत पोचायला पुष्कळ वर्षं लागली. मी फॉन्ट बदलणारं सॉफ्टवेअर लावलं आणि उरलेल्या चुका तीन शनिवार-रविवार बसून हातानं काढल्या. सगळ्यात जास्त घोळ आपल्या मराठी 'ऱ्य'नं घातला. किल्ल्यांचं पुस्तक, आणि प्रत्येक पानावर सह्याद्रीच्या 'दऱ्या'ऐवजी 'दर्या'! बाबा वाचून म्हणाले, "सह्याद्रीत समुद्र घातलास की गं."

यातून एवढं शीक. जपायचं लिखाण युनिकोडमध्ये ठेव, एक पीडीएफ काढ. एकाच कंपनीच्या एकाच ॲपमध्ये उघडतं अशा वहीत आयुष्य लिहू नकोस. लिहायचंच असेल तर त्यातून सगळं बाहेर काढता येतं का, ते पहिल्या दिवशी बघून घे.

आता जरा वेगळं, पण याच्याशीच जोडलेलं. यंत्राची कल्हई झाली तरी माणसाची उरतेच. मागच्या महिन्यात आईला व्हिडिओ कॉल आला होता, तुला तिनं सांगितलं नसेल. पलीकडे खाकी वर्दी, मागे सरकारी बोधचिन्ह. तुमच्या आधारवर पार्सल निघालंय, त्यात अमली पदार्थ आहेत, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला फोन करायचा नाही. आई वीस मिनिटं खुर्चीत बसून होती. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या म्हणून सुटली. नाहीतर ठेव मोडायला निघालीच होती. आणि तिचा फोन अगदी अद्ययावत आहे बरं का, मीच करते. चोराला त्या फोनमध्ये भोक शोधावं लागलंच नाही, तो तिच्या भीतीतून शिरला.

मी तिला रागावले नाही. तूही रागावू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी ती आपल्यालाच लपवेल. तिच्याबरोबर बसून मी चार वाक्यं वहीत लिहिली. डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. ओटीपी कुणालाच नाही, मला सुद्धा नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितका लवकर तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. ते पान तिनं फ्रिजवर लावलंय. शिवाय आम्ही दोघींनी एक शब्द ठरवलाय. कुणी माझ्या किंवा तुझ्या आवाजात रडून पैसे मागितले तर आधी तो शब्द विचारायचा. हल्ली आवाजाची नक्कल करणं फार सोपं झालंय. तो शब्द तुला भेटल्यावर कानात सांगेन, मेसेजवर नाही.

आणि आता दुसरा रस्ता. तुझा लॅपटॉप हळू आहे, कारण त्यात अजून फिरती हार्ड डिस्क आहे. ती काढून एसएसडी बसवायची. महागली असली तरी ही खरेदी एकदाच, अठरा हप्त्यांची नाही. आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट. १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या पोरानं 'हौस म्हणून करतोय' असं सांगत लिनक्स सुरू केलं, त्याच वंशातलं हे. फुकट आहे, जुन्या यंत्रावर छान पळतं आणि त्याचे अपडेट तुझा प्रोसेसर कितव्या पिढीचा ते विचारत नाहीत. त्याच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात, पहिली एडा, २०२४मधली विल्मा. तुला आवडेल.

कुरकुर आधीच सांगून ठेवते. एमएस ऑफिस त्यावर बसत नाही. लिब्रे ऑफिस वापरावं लागेल किंवा ब्राउझरमधलं. एखादा प्रिंटर रुसेल. पहिले आठ दिवस 'हे कुठे गेलं, ते कुठे गेलं' होईल, तू मला शिव्या देशील. पण तुझ्या ऑफिसचं काम ऑफिसच्या लॅपटॉपवर होतं. घरी तू सिनेमे बघतेस, बँक बघतेस, ते स्पर्धा परीक्षेचं पीडीएफ वाचतेस, मराठीत चार ओळी लिहितेस. एवढ्याला मिंट पुरून उरतं. आणि काही न पुसता पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं. नाही आवडलं तर पेन ड्राइव्ह काढायचा, पातेलं जसंच्या तसं.

तर शनिवारी ये. पण मी करून देणार नाही, शेजारी बसेन. स्क्रू तू उघडायचेस. पहिल्यांदा मागचं झाकण काढताना छातीत धडधडतं, आणि आतली धूळ फुंकून सगळं पुन्हा बसवल्यावर यंत्र चालू झालं की जे वाटतं ना, ते कुठल्याही नव्या खोक्याच्या प्लॅस्टिकमध्ये नसतं. माझ्या तिसऱ्या खणाची शपथ.

शुक्रवारी तू कराडला जाणारच आहेस. येताना एक काम कर. आईच्या बाल्कनीत मनीप्लांट लावलेलं पितळेचं मोठं पातेलं आहे बघ, तेच आजीचं आमटीचं. त्याला काहीच झालेलं नव्हतं. आपल्या गल्लीत कल्हईवाला यायचा थांबला, एवढंच. म्हणून ते आधी माळ्यावर गेलं आणि मग कुंडी झालं. आईला विचारून, माती काढून, घासून घेऊन ये. कसबा पेठेत तांबट आळीत मी चौकशी करून आलेय, करून देतो म्हणाले. सकाळी आधी तिथं जाऊ. तू आयुष्यात पहिल्यांदा तो पांढरा धूर बघ. मग घरी येऊन लॅपटॉप उघडू.

रात्री आमटी त्याच पातेल्यात करू. तोवर ईएमआयच्या त्या बटणाला हात लावू नकोस.

तुझी,
ताई